न कलणारी बशी

माझ्या वडिलांनी चहा सोडल्याचं जाहीर केलं, तेव्हा घरात पहिली शंका आली ती त्यांच्या तब्येतीची आणि दुसरी माझ्या चहाची. दोन्ही खोट्या ठरल्या. तब्येत ठणठणीत होती, आणि माझा चहा ते कधी पीतच नव्हते.

त्यांचा चहा नामपल्लीला होता. वीज खात्यात लोकांचे मीटर तपासण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी अंबरपेठेतल्या आमच्या घरून बस पकडायचा, स्टेशनजवळच्या एका इराणी हॉटेलात जाऊन बसायचा आणि जेवायच्या वेळेला उगवायचा. एवढ्या लांब जाऊन प्यायचा किती, तर अर्धा चहा. उरलेला अर्धा त्यांचा मित्र प्यायचा. हैदराबादेत याला ‘वन बाय टू’ म्हणतात. एक चहा, दोन माणसं, एकाला कप, दुसऱ्याला बशी. परवडत नाही म्हणून नव्हे. हे दोघं एकमेकांचे आहेत, हे आजूबाजूच्या टेबलांना कळावं म्हणून.

मित्र म्हणजे त्यांच्याच खात्यातले, त्यांच्याच वर्षी निवृत्त झालेले आमचे चाचा. मी लहानपणापासून त्यांना चाचाच म्हणते. ते बाबांना ‘हजरत’ म्हणतात, बाबा त्यांना ‘मियाँ’. कप चाचांचा, बशी बाबांची, ही वाटणी इतकी जुनी की दोघांचे ओठ त्या-त्या आकाराचे झाले असावेत.

चहा सोडल्याचं खरं कारण मला चाचांच्या फोनवरून कळलं. बाबांचा हात काही महिन्यांपासून थरथरत होता. डॉक्टर म्हणाले होते, हा कंपवात नाही, वयाबरोबर येणारी नुसती थरथर आहे, जिवाला धोका नाही. त्यावर बाबा म्हणाले होते, “माझ्या जिवाला नाही हो. समोरच्याच्या कपड्यांना आहे.” तो विनोद समजून आम्ही हसलो होतो. पण एका सकाळी अख्खी बशी चाचांच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर गेली. चाचांनी आपल्या रुमालाने टेबल पुसलं आणि हवेचा विषय काढला. दुसऱ्या दिवसापासून बाबांना ‘डॉक्टरने चहा बंद केला’.

“बेटी,” चाचा फोनवर म्हणाले, “पूरा कप मेरे से होता नहीं. आधा छोडतूं तो वेटर पूछता, चा खराब है क्या. अब मैं उसकू क्या बोलूं?”

मी फोन ठेवला आणि माझ्या अंगात संचार झाला. घरात एक समस्या आहे, तिला हात-पाय आहेत, ती मराठी बोलते आणि ती माझीच आहे. अशी संधी माझ्या धंद्यातल्या लोकांना क्वचित मिळते.

माझा धंदा म्हणजे शिकवणं. शहराबाहेरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी मेकॅट्रॉनिक्स शिकवते. मेकॅट्रॉनिक्स म्हणजे यंत्र, वीज आणि संगणक यांचं एकत्र कुटुंब. तिघांचं एकमेकांशी पटत नाही, आणि काही बिघडलं की दोष बिचाऱ्या वायरीवर जातो. तिथली नमुने बनवायची प्रयोगशाळाही माझ्याकडेच आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी तिथे काहीतरी चालणारं, हलणारं बनवावं अशी अपेक्षा असते, आणि मुलं दरवर्षी जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी बनवतात. आमच्याकडे आजवर इतक्या गाड्या झाल्या आहेत की एकीला एक जोडली तर आगगाडी होईल. कुणालाही कुठेही न नेणारी.

त्या वर्षी माझ्याकडे दोघांची एक जोडी होती. एक मुलगी, गौलीगुड्यातल्या जुन्या मराठी घरातली, अखंड बोलणारी. मराठीत सुरुवात करून तेलुगूत वळण घ्यायची आणि इंग्रजीत मुक्कामाला पोचायची. दुसरा मुलगा, तेलुगू, बोलणं टाळणारा. विचारलं तर ‘हा मॅडम’ म्हणायचा, नाही विचारलं तर तेवढंही नाही. दोघं पट्टीवरच्या गाडीचा प्रस्ताव घेऊन आले तेव्हा मी तो हातात घेतला, छातीशी धरला, डोळे मिटले आणि परत दिला.

“याच्याऐवजी,” मी म्हणाले, “मी तुम्हाला माझे वडील देते.”

बाबांना तयार करणं अवघड होतं. तुमच्यासाठी काही बनवतोय म्हटलं असतं तर त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं असतं. म्हणून मी उलटं सांगितलं. दोन मुलांचं वर्ष तुमच्या हाती आहे, तुम्ही मदत केली नाहीत तर ती नापास होतील. बाबांनी चष्मा काढून पुसला. मग अट घातली. “मला कोणी पेशंट म्हणायचं नाही. मी कन्सल्टंट.”

पहिल्या भेटीला मुलगी अगदी वर्गात शिकवल्याप्रमाणे बसली. मांडीवर लॅपटॉप, चेहऱ्यावर सहानुभूती. “आजोबा, तुमचे पेन पॉइंट्स, म्हणजे दुखऱ्या जागा, काय आहेत?”

बाबांनी बराच विचार केला. “डावा गुडघा,” ते म्हणाले, “बसचे कंडक्टर, आणि ही तुमची मॅडम.”

मुलीने तिन्ही टाइप केले.

मुलं परत गेली आणि काही आठवड्यांनी एक चमचा घेऊन आली. परदेशात असा चमचा मिळतो, हात हलला तरी स्थिर राहणारा. यांनी त्याचा व्हिडिओ बघून तसाच बनवला होता. मुठीत एक इवलीशी मोटर, हात किती कलला ते सांगणारा सेन्सर, आणि पुढे चमचा. प्रयोग सुरेख झाला. बाबांचा हात थरथरत होता आणि चमचा समाधी लावल्यासारखा स्थिर. मी टाळ्या वाजवल्या. मुलांनी फोटो काढले. बाबांनी चमचा चहूबाजूंनी न्याहाळला आणि कौतुकाने विचारलं, “छान आहे. पण याने करायचं काय?”

“जेवायचं, आजोबा.”

“चमच्याने?” बाबांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. “वरणभात? मी चमच्याने फक्त खोकल्याचं औषध घेतो, पोरी.”

गंमत अशी की मुलीच्या घरीही कोणी चमच्याने जेवत नव्हतं, मुलाच्या घरी तर सांबारभातसुद्धा हातानेच, आणि माझं म्हणाल तर मी शाकाहारी थाळीच्या दुकानात चमचा परत करणारी बाई. जेवायला तिघांपैकी कोणालाच चमचा लागत नव्हता, आणि आम्ही तिघांनी मिळून तो बनवला. हाताला घास बरोबर सापडतो, तोंडाला हात बरोबर सापडतो, मध्ये थोडा भात ताटात पडला तर ताट असतंच की त्यासाठी. बाबांचं जेवण कधी अडलंच नव्हतं. अडली होती ती बशी, आणि ती घरात नव्हे, नामपल्लीला.

तेव्हा आता बशी. चमच्याची मूठ तीच ठेवून पुढे बशीसाठी कडं बसवलं, आणि एका मोटरच्या दोन झाल्या, एक डावी-उजवीकडे सांभाळायला, एक पुढे-मागे. पहिली बशी मुलांनी आमच्या थ्री-डी छपाईयंत्रावर प्लास्टिकची काढली. हे यंत्र वितळलेल्या प्लास्टिकच्या शेवया एकावर एक घालत वस्तू उभी करतं, त्यामुळे वस्तूला जात्याच फरसाणाचा पोत असतो. बाबांनी त्या बशीवरून बोट फिरवलं. “यातून चहा पिऊ? मी काय रक्तदानाला आलोय, प्लास्टिकमधून चहा प्यायला?” मग मुलगी गौलीगुड्याच्या बाजारातून चिनी मातीची खरी बशी घेऊन आली. ती पेलताना मोटरी कण्हायला लागल्या, म्हणून मोठ्या मोटरी आल्या. मोठ्या मोटरींना मोठी बॅटरी, मोठ्या बॅटरीला जाडी मूठ. शेवटी जे तयार झालं ते दिसायला कंदील आणि आंघोळीचा तांब्या यांच्या लग्नातून झालेलं अपत्य होतं.

पण काय काम करत होतं ते. मी बाबांना प्रयोगशाळेत आणलं, खुर्चीत बसवलं, बशीत काठोकाठ चहा ओतला आणि स्विच दाबला. हात थरथरत होता. मूठ थरथरत होती. बशीतला चहा मात्र विहिरीतल्या पाण्यासारखा निवांत. शेजारच्या टेबलांवरच्या गाड्या थांबल्या, मुलं गोळा झाली. बाबांनी बशी ओठाशी नेली आणि फुर्रर्र केलं. पहिला घोट मिळाला. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या घोटासाठी बाबांनी हात वर केला. बशी कलली नाही. आणखी वर केला. बशी सपाट. कलणारच कशी? न कलण्यासाठीच तर तिला घडवलं होतं. बाबांनी कोपर कानापर्यंत नेलं, मूठ जवळजवळ उभी झाली, आणि तिच्या टोकावर ती बशी लाच न खाणाऱ्या अधिकाऱ्यासारखी ताठ बसून राहिली. चहा समोर दिसतोय, वास येतोय, पण नियमात बसत नाही. बाबांनी मान खाली घालून, जीभ लांबवून प्रयत्न केला. मग डावीकडून आले. मग उजवीकडून. मी हसू दाबण्यासाठी जाऊन फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि माझे खांदे हलताना अख्ख्या वर्गाने पाहिले.

“ही बशी,” बाबा मागून शांतपणे म्हणाले, “तुझ्या आईच्या वळणावर गेलीये. दाखवणार, देणार नाही.”

मुलाने तोडगा काढला, बटणाचा. अंगठ्याने बटण दाबलं की बशी मोकळी होईल, सोडलं की पुन्हा स्थिर. कागदावर अगदी निर्दोष. पण थरथरणाऱ्या हाताचा अंगठा काही वेगळा पोसलेला नसतो. बाबांनी बटण दाबलं आणि बशीला एकामागून एक हुकूम सुटले, मोकळी हो, स्थिर हो, मोकळी हो, स्थिर हो. शेवटी तिने चिडून चहा भिरकावला तो थेट माझ्या अंगावर. साडी नारायणपेठी होती. बाबांनी माझ्या पदराकडे पाहिलं आणि म्हणाले, “मियाँपेक्षा हिच्यावर बरा दिसतो.”

पायजम्याचं नाव त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा निघालं, तेही आडून.

उत्तर सापडलं ते मुलीला, आणि तिने ते एका दमात तीन भाषांत सांगितलं. सारांश असा, की आजोबा हलतात फास्ट आणि पितात स्लो. थरथर भरभर येते-जाते. घोट घ्यायला हात सावकाश वर होतो. मग बशीला दोन्हींतला फरक शिकवायचा. भरभर हललं तर ऐकायचं नाही, सावकाश हललं तर हुकूम मानायचा. हे काही नवीन ज्ञान नव्हे, मी दरवर्षी फळ्यावर त्याची आकृती काढते आणि मुलं ती दरवर्षी उतरवून घेतात. पण फळ्यावरच्या आकृतीतून चहा पिता येतो हे कळताना मी पहिल्यांदाच कुणाला बघत होते. मुलगी इतकी नाचली की मुलगासुद्धा विचारल्याशिवाय बोलला. “वर्क होईल, मॅडम,” तो म्हणाला, आणि एवढ्या लांबलचक भाषणाने दमून खाली बसला.

बशी लगेच शिकली असं नाही. सुरुवातीला ती फारच विचार करायची. बाबा कलवायचे, ती सरकारी फायलीसारखी पडून राहायची, आणि बाबांनी नाद सोडला की एकदम मंजूर व्हायची. मग अति उत्साही झाली. पण एका दुपारी बाबांनी बशी उचलली, ओठाला लावली आणि सावकाश शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. टेबलावर एक डाग नाही. या वेळी टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. बाबांनी रिकाम्या बशीत बघितलं आणि विचारलं, हे मी दोन दिवस घरी नेलं तर चालेल का, ट्रायलसाठी.

कन्सल्टंटला नाही कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा घरात नव्हते, कंदील-तांब्याही नव्हता. दुपारी चाचांचा फोन आला. आवाजात दिवाळी आणि ईद एकाच दिवशी आल्या होत्या. “हजरत आए थे. एक मशीन लेके. बोले बेटी के कालेज का एक्स्पेरिमेंट है, मैं उनकी मदत कर रहूं, मेरे हात को तो कुछ नहीं हुआ.” आणि पुढे, “मैं बोला, हौ, दिखताच है.”

म्हणजे बाबांनी चाचांना थाप मारली होती, आणि चाचांनी ती दोन्ही हातांनी अदबीने स्वीकारली होती. हात ठीक आहे, यंत्र पोरांचं आहे. ज्याच्या पायजम्यावर बशी उलटली त्याच्यासमोर ज्याने उलटवली तो हे सांगतोय, आणि दोघं पुन्हा वन बाय टू पिताहेत. आमच्या दोन मोटरींनी बाबांची थरथर झाकली होती, आणि त्या सभ्य थापेने बाकीचं.

दोन दिवसांची ट्रायल संपायचं नाव घेईना. मी बशी मागितली की बाबा म्हणत, अजून निरीक्षणं चालू आहेत. मुलगी घरी आली, तिला बिस्किटं मिळाली, बशी नाही. आणि मग परीक्षेची तारीख लागली. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येणार, त्यांच्यापुढे वस्तू चालवून दाखवायची, त्याशिवाय गुण नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे पट्टीवरच्या गाड्या हसायला लागल्या. मी बाबांना निर्वाणीचं विचारलं.

“सकाळची वेळ असेल तर बशी नामपल्लीला असते,” बाबा म्हणाले. “परीक्षकांना यायचं असेल तर येऊ देत. मी कोणाला अडवत नाही.”

आमच्या विभागप्रमुखांकडे मी ही मागणी ‘प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणी प्रात्यक्षिक’ अशा भारदस्त शब्दांत नेली. त्यांनी सही केली. प्रत्यक्ष वापराचं ठिकाण कुठलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगण्याची घाई केली नाही.

परीक्षक आले ते शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेले, बारीक, गंभीर गृहस्थ. संगमरवरी टेबल, आजूबाजूला बशांचे फुरके, उस्मानिया बिस्किटांच्या बरण्या, यांच्यामध्ये ते तपासणीला आलेल्या अन्न निरीक्षकासारखे दिसत होते, आणि मालकाचा तसा समज झालाही. एका बाजूला बाबा आणि चाचा, दुसऱ्या बाजूला परीक्षक, मध्ये घाबरलेली दोन मुलं, आणि मी कुठे उभी राहू ते न कळून वेटरच्या वाटेत. चहा आला. चाचांनी अर्धा बशीत ओतला, बाबांनी मूठ धरली, आणि एकही थेंब न सांडता चहा प्याले. परीक्षकांनी मोटरी विचारल्या, सेन्सर विचारला, बॅटरी किती वेळ टिकते ते विचारलं. त्याचं उत्तर मुलांच्या आधी बाबांनी दिलं. सगळं छान चाललं होतं.

मग परीक्षक म्हणाले, “आता हे बंद करून दाखवा.”

प्रश्न शंभर टक्के योग्य होता. यंत्रामुळे फरक पडतो म्हणता, तर यंत्राशिवाय काय होतं ते आधी दाखवा. मी वर्गात हेच शिकवते. पण त्या टेबलावर त्याचा अर्थ काय होतो, हे परीक्षक सोडून सगळ्यांना कळलं. मुलगी घाईघाईने म्हणाली, सर, त्याचे ग्राफ रिपोर्टमध्ये आहेत. मुलगा म्हणाला, ग्राफ छान आहेत, सर. मी तोंड उघडलं आणि बॅटरीच्या आयुष्यावर एक व्याख्यान सुरू केलं, ज्याला ना शेंडा ना बुडखा. चाचा भिंतीवरच्या घड्याळात काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होते. परीक्षक पेन उघडून थांबले.

बाबा चाचांकडे बघत होते. चाचा घड्याळाकडे.

“बंद कर,” बाबा मुलीला म्हणाले.

“आजोबा, नको ना.”

“परीक्षा आहे तुमची. बंद कर.” आणि चाचांना म्हणाले, “मियाँ, डालो.”

चाचांनी घड्याळ सोडलं आणि बशी भरली. मुलीने स्विच बंद केला. मोटरींची बारीक गुणगुण थांबली. बाबांनी मूठ उचलली मात्र, चहाला वारं लागलं. आधी लाटा, मग तुफान, आणि ओठांपर्यंत पोचेतो बशीत चहाचा नुसता रंग उरला. बाकीचा टेबलावर, बिस्किटांवर, परीक्षकांच्या बाहीवर, आणि बराचसा चाचांच्या मांडीवर. आसपासचे फुरके थांबले. बाबांनी बशी खाली ठेवली आणि हात तसाच टेबलावर राहू दिला, थरथरता, सगळ्यांना दिसेल असा.

चाचांनी हाताकडे बघितलं. नीट, निवांत, मीटरचं रीडिंग घेतल्यासारखं.

“बस, इत्ताच?” ते म्हणाले. “मैं जादा समझा था.”

बाबांच्या तोंडून आधी एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं ठसका आहे. तो हसण्याचा होता, बऱ्याच दिवसांत न वापरलेला. “जादा पाहिजे तर मोठी बशी मागवा,” ते म्हणाले, आणि चाचा पुढे वाकून वाकून हसायला लागले, ओला पायजमा हातात धरून.

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी बाही पिळली, आकडा लिहिला आणि अत्यंत गंभीरपणे सांगितलं की एका रीडिंगला रीडिंग म्हणत नाहीत, निदान आणखी दोन तरी घ्यावी लागतील.

“घ्या की,” बाबा म्हणाले. त्यांनी वेटरला हाक मारली, तीही सांडणाऱ्या हातानेच, हवेत उंच थरथरवत. “ओ भाई, वन बाय टू. और साब का टेबल थोडा पीछे ले लो, अब्बी बहुत गिराना है.”